पिठातलं पाऊल

माझी वहिनी गेली तेव्हा तिची लेक आठ वर्षांची होती. पोर रडली नाही. घरात बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि ही जिन्यात बसून मोबाईलवर कार्टून बघत होती. "लई वांड हाय की. आईचं काईच न्हाय हिला," माझी काकू म्हणाली. मी तिची सख्खी आत्या, पण खरं तर मलाही तिचा रागच आला होता.

आमच्यात माणूस गेलं की त्या जागी दिवा लावतात, शेजारी परातीत पीठ पसरून वर वेताची बुट्टी पालथी घालतात. सकाळी पिठात जी खूण दिसेल त्यावरून गेलेल्याला कुठला जन्म मिळाला ते ठरवतात. माझा यावर काडीचा विश्वास नाही, पण चार बायकांत तसं म्हणायची छातीही नाही.

सकाळी मी बुट्टी उचलली. पिठात तान्ह्या बाळाचं पाऊल होतं, पाची बोटांसकट. बायकांनी हात जोडले. तेवढ्यात काकूला पोरीच्या फ्रॉकवरचं पीठ दिसलं. मी सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत मारली. "लाज न्हाय वाटत? आईच्या दिव्यापाशी खेळतीस?" आणि ते पाऊल पुसून टाकलं.

तेव्हाही ती रडली नाही. दुपारी मी परात घासत होते, तिथं आली.

"आत्या, काकूआजी म्हणली, चिमणीचा पाय आला तर आई चिमणी होणार, मुंगी दिसली तर मुंगी. मला माणूसच पायजे होती."

तिनं मूठ वळून ओल्या फरशीवर कडेनं दाबली, वर पाच बोटं टेकवली. महालक्ष्म्यांची पावलं अशी काढायला आईनंच शिकवलेलं.

"माणूसच होणार ती," मी म्हटलं.

"पण तू पुसलंस की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच बाहेर जाऊन बायकांना खरं सांगायला हवं होतं. मी गेलेही. काकू म्हणाली, "बरं केलीस, पोरीला वळण पायजे." मी शेजारणीनं आणलेला चहा कपांत ओतत राहिले.

पोर आता दहावीला आहे. लग्नाकार्यात अजून कुणीतरी तिच्या वांडपणाचा तो किस्सा हसत हसत सांगतं. ती नुसती माझ्याकडे बघते. मी ताट घेऊन उठते.