वीतभर शिकारी

काळाचौकीला एक काका मला रोज सकाळी चाळीच्या पायरीवर दिसायचे. मांडीवरच्या वीतभर यॉर्कशायर टेरियर कुत्र्याचे रेशमी केस विंचरायचे, डोळ्यांवर येणारी बट रबर लावून वर बांधायचे. एक दिवस जरी चुकला तरी गुंता होतो म्हणे.

एकदा मी समोरून जाताना गटारातून त्या कुत्र्याहून मोठी घूस बाहेर आली. पठ्ठ्या मांडीवरून सुटला तो थेट तिच्या अंगावर! भाजीवाली किंचाळत ओट्यावर चढली, तिच्यामागे मीही चढले. काका अनवाणी धावले. "अरे, चावेल ती! सोड रे राजा!"

घूसच पळाली. चिखलानं माखलेल्या कुत्र्याला उचलून काकांनी पोट, पाय, कान तपासले. ओरखडासुद्धा नव्हता. मग ते इतके हसले की फुटपाथवरच बसले.

"एवढ्याशा जिवात हे येतं कुठून?" मी विचारलं.

"विलायतेत ह्याच्या खापरपणज्याला कापडगिरणीत ठेवायचे, उंदीर मारायला. गिरणी कामगार आहे हो हा, माझ्यासारखा!"

त्या सकाळी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते हेच सांगत होते. मी ऑफिसात उशिरा पोचले आणि साहेबांनी कारण विचारताच तेच सांगत सुटले.