कोलन उतरेपर्यंत

माझ्या अम्माच्या, म्हणजे अनवरीच्या, नाकावर नाशिकच्या सगळ्या दूधबाजाराचा विश्वास होता. तिचा मात्र कुणावरच नव्हता. दूध आलं की ती दोनदा हुंगायची. पीठ दोनदा, पाहुण्यांनी आणलेली मिठाईसुद्धा दोनदा. पहिल्यांदा वास काय सांगतो ते ऐकायला, आणि दुसऱ्यांदा तो खोटं बोलतोय का ते बघायला. पाहुणे बिचारे ओशाळायचे आणि मी आत चडफडत बसायची.

आमचं अत्तराचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. गिऱ्हाईक आलं की त्याच्या मनगटाला अत्तर लावून ती सांगायची, "आता जा. दुपार कलली की, असरच्या अजानेला परत या. तेव्हाही आवडलं तर घ्या." निम्मे लोक परत यायचेच नाहीत. असा कुणी धंदा करतं का? पण तिचा हट्ट होता, अत्तर कुपीत सगळ्यांचंच चांगलं असतं, अंगावर दुपार काढली म्हणजे खरं कळतं.

या हट्टाचं कारण मला ठाऊक होतं. माझे अब्बा दारू पीत. निकाहाच्या दिवशी त्यांनी अंगाला इतकं गुलाबाचं अत्तर चोपडलं होतं, की त्याच्या खाली काय आहे ते हिला कळलंच नाही. कळलं तेव्हा लग्नाला आठवडा होऊन गेला होता. मी सहा वर्षांची असताना अब्बा गेले, आणि दुकान तिने एकटीने ओढलं.

छत्तीस साली मला अठरावं लागलं आणि सायखेड्याच्या जहिदा खालाने, म्हणजे माझ्या मावशीने, आपल्या दिराच्या मुलाचं स्थळ आणलं. शौकत त्याचं नाव. देवळालीच्या छावणीत, गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये कारकून. खालाकडच्या एका लग्नात मी त्याला चोरून पाहिलं होतं. एका आंधळ्या म्हाताऱ्याशेजारी बसून तो त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होता, आणि त्याचं स्वतःचं जेवण गार होत होतं. मला तो तेव्हाच आवडला. सरळ सांगते, आता या वयात कशाला लाजू?

तो पहिल्यांदा आमच्या दारात आला, अम्माने हुंगलं आणि तिचा चेहरा उतरला. आत येऊन मला म्हणाली, "दारू. वर काहीतरी भलतंच लावलंय, पण खाली दारूच आहे." चहासुद्धा न विचारता तिने त्याला वाटेला लावलं.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी खाला एक हिरवट पाण्याची बाटली घेऊन आली. "अगं अनवरी, हे कोलन आहे. साहेबलोक दाढी झाल्यावर लावतात. एका साहेबाने विलायतेला जाताना त्याला दिलं. यात स्पिरिट असतं, तेच तुझ्या नाकात गेलं."

आमची अत्तरं चंदनाच्या तेलातली. स्पिरिटचा थेंब अम्माने घरात कधी येऊ दिला नव्हता. तिने बूच काढून हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, "बहाणा छान शोधलाय. दारू झाकायला दारूचंच अत्तर!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "गिऱ्हाइकाला अख्खी दुपार देतेस, आणि माझ्या नवऱ्याचा निकाल दारातच लावलास?"

नवरा हा शब्द तोंडातून निसटून गेला. खालाने जीभ चावली. अम्माने बाटलीला बूच घट्ट लावलं. खालाला म्हणाली, "शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बोलाव त्याला. दारू असेल तर ती अंगातून येत राहील. अत्तर असेल तर उडून जाईल."

शुक्रवारी तिने त्याला आधी साबणाने हात धुवायला लावले, मग त्याच्याच हाताने मनगटांवर कोलन लावून घेतलं. मी आतल्या पडद्यामागे उभी होते. सुरुवातीला नुसतं स्पिरिट. अम्माने पदर नाकाला लावला. थोड्या वेळात ते उडालं आणि पडद्याच्या आत माझ्यापर्यंत हिरवागार वास आला. लिंबाची साल, चुरगळलेला पाला, पेरूची ओली फांदी मोडल्यासारखं काहीतरी. अम्मा नकळत पुढे सरकली. वास तिला आवडला होता, पण कबूल करेल तर ती अनवरी कसली! तासाभरात ते हिरवेपण सुकलं आणि सुताराने नुकताच रंधा मारावा तसा लाकडाचा वास उरला.

"तोंड उघड. फुंकर मार," अम्मा म्हणाली. त्याने मारली. "दारू नाही," ती पुटपुटली. मला वाटलं, सुटले. पण ती उठेना. "अजान व्हायची आहे अजून."

असरच्या सुमाराला लाकूडही विरत आलं. अम्माने शौकतचा हात ओढून घेतला आणि बोटं हुंगली. मग नखांपाशी पुन्हा एकदा. "मेण आणि टर्पेंटाइन. कारकुनाच्या बोटांना शाई असते. हे बुटाचं पॉलिश आहे."



शौकतने मान खाली घातली. "कारकून नाय मी. साहेबांचे बूट पुसतो. लय घासलं तरी वास जात नाय, म्हणून ते कोलन लावतो. जहिदा चाचीलाबी मीच खोटं सांगितलं."

याच्यासाठी मी उपाशी राहिले होते! पडदा फाडून त्याला चार शब्द सुनावावेत असं मला वाटलं, आणि त्याच वेळी अम्माने त्याला घालवू नये म्हणून मी दुआ मागत होते. तेवढ्यात अजान झाली. अम्माने पदर डोक्यावर सारखा केला. अजान संपल्यावर म्हणाली, "वास झाकायलाच लोक अत्तर घेतात रे. नाहीतर माझं दुकान कशावर चाललं असतं? पण मी एकदा झाकलेला माणूस पत्करला. पोरीला तसा देणार नाही. निकाहाला येशील तेव्हा अंगाला काही लावायचं नाही. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला.

अत्तरवालीच्या घरचं लग्न, पाहुण्यापाहुण्याच्या कानात अत्तराचा फाया, आणि नवरदेव बुटाच्या पॉलिशचा वास घेऊन दारात उभा. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. मी आतल्या दाराच्या फटीतून बघत होते. अम्माने त्याचा हात हातात घेतला आणि नाकापाशी नेला. एकदा हुंगला. मी दुसऱ्या वेळची वाट बघत राहिले.

तिने हात सोडला. "आत ये, बेटा," म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.