टेपातली बाई

माझा आवाज चांगला आहे हे मला शाळेपासून माहीत होतं आणि त्याचा मला माजही होता. साताऱ्याकडच्या आमच्या गावात मी हाय-न्हाय करतच वाढले. पण वक्तृत्वस्पर्धांनी मला असं घासूनपुसून काढलं, की लग्न होऊन नेरूळला आले तेव्हा सोसायटीतल्या बायकांना मी पुण्याची वाटले. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. महापेच्या बाजूला एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी खात्यात क्लार्क होते. खातं म्हणजे साहेब, मी आणि एक कपाट. वर्षातून एकदा सगळा प्लांट बंद करून दुरुस्ती चालायची, त्याला सगळे शटडाउन म्हणत. तेवढे तीन-चार आठवडे कंत्राटदारांची माणसं यायची. वेल्डर, फिटर, रंगारी, जड सामान चढवणारे खलाशी. ही माणसं काल कळंबोलीच्या लोखंडाच्या यार्डात, आज आमच्याकडे, उद्या आणखी कुठे. कुठल्या पाइपात काय वाहतं याचा त्यांना पत्ता नसायचा. म्हणून नियम असा, की रोज सेफ्टीचा वर्ग केल्याशिवाय पासावर शिक्का नाही आणि शिक्क्याशिवाय आत पाऊल नाही.

वर्ग साहेब घ्यायचे. साहेबांचं मराठी म्हणजे इंग्रजीला चिकटवलेले प्रत्यय. "हझार्ड दिसला की इमिजिएटली इव्हॅक्युएट करायचं," असं ते सांगायचे. माणसं मुंडी हलवायची आणि आपापसांत विचारायची, काय म्हणला? कंत्राटदार दारात घड्याळ बघत उभा असायचा. "साहेब, माझी चाळीस माणसं बसून आहेत. शटडाउनचं टेन्शन काय कमी आहे का? त्यापेक्षा एक कॅसेट करा ना. लावली की झालं."

कॅसेटची कल्पना त्याची. पण त्यात भोंगा घालायची अक्कल माझी.

कँटीनच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून आम्ही टेप केली, कारण कंपनीत शांत जागा तेवढीच होती. शनिवारी भोंग्याची चाचणी व्हायची, तेव्हा टेपरेकॉर्डर खिडकीबाहेर धरून तो आवाजही घेतला. आधी हेल्मेट, पट्टा, बिडी-काडी गेटवर ठेवणं वगैरे. मग एकदम भोंगा. मग माझा आवाज, स्वच्छ आणि संथ: "लक्ष द्या. गॅसगळती झाली आहे. हातातले काम सोडा. ओले फडके नाकातोंडावर धरा. पुढच्या गेटकडे या. पळू नका. घाबरू नका." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या दिवशी भोंगा वाजल्यावर बाकावरचा एक रंगारी खरोखर उठून दाराकडे धावला आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. आपण काहीतरी जबरदस्त केलंय असं मला वाटलं होतं.

मागच्या गेटवर, जिथून कंत्राटी माणसं यायची, तिथे कर्णा लावला होता. तिथला वॉचमन टेप दिवसातून तीनदा लावायचा. सकाळी, जेवणाच्या आधी आणि दोन वाजता. आठवड्याभरात माणसांना ती पाठ झाली. मी पासांची यादी घेऊन तिकडे गेले की दिसायचं, बाकांवर चाळीस माणसं बसलेली, हातात चहा, नजर बाहेर आणि ओठ माझ्या वाक्यांबरोबर हलताहेत. आवाज कुणाचाच नाही, फक्त ओठ. मी समोर उभी, तोंड मिटून. नवीन आलेला एखादा कर्ण्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग परत कर्ण्याकडे. मला ते आवडेनासं झालं. पण बोलणार कुणाला? हौस माझीच होती.

त्यात टेप झिजायला लागली. खाडीवरच्या खाऱ्या हवेनं असेल किंवा सारखी वाजवून असेल, माझा आवाज रोज थोडा जड, थोडा संथ होत गेला. तिसऱ्या आठवड्यात ती बाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठी वाटत होती. घरी कुकर लावताना मी स्वतःशीच बोलून बघायचे, माझा आवाज तर तसा झाला नाही ना म्हणून. नवरा म्हणाला, "सुट्टी घे चार दिवस."

खलाशांत एक वयस्कर गृहस्थ होते, आमच्याच साताऱ्याकडचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. पूर्ण वर्ग डोळे उघडे ठेवून ऐकणारा तेवढा एकच माणूस. एकदा शिक्का मारून घेताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं गाव कुठलं? टेपात कळत न्हाय."

मला आनंदच झाला. "कळू नये म्हणूनच तसं बोलतात, मामा."

"मंग ती कोन बोलती आसं वाटतं. गाव न्हाय, घर न्हाय." त्यांनी पास खिशात ठेवला. "राग मानू नगा. पर गेल्यालं मानूस बोलल्यावानी वाटतं. आमच्याकडं पयल्या हाकेला ओ देत न्हाईत. मानूस आसंल तर तिसऱ्यांदा हाक मारतं. दुसरं काय आसंल तर दोनदाच."

हे मला माहीत होतं. माझी आईसुद्धा तिन्हीसांजेला दारात कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेची वाट बघायची. पण मी आता नेरूळची, कंपनीची, पुण्याची वाटणारी. "ही कंपनी आहे मामा, गावची वेस नाही," असं म्हणून मी त्यांना उडवून लावलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मी घेतलं. त्या दिवसानंतर टेप लागली की मी ऑफिसची खिडकी लावून घ्यायचे.

शटडाउन संपायला दहा-बारा दिवस उरले होते. दुपारी दोनची टेप नुकतीच लागली होती आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला. साहेब प्लांटमधून बोलत होते, धापा टाकत. रिकामी समजून कुणीतरी अमोनियाची लाइन खोलली होती. "अनाउन्स करा बाई. सगळे बाहेर. लगेच."

आधी मी भोंग्याचं बटण दाबलं आणि मग माइक ओढला. हा माइक प्लांटभरच्या कर्ण्यांना जोडलेला होता. मागच्या गेटचा कर्णा तेवढा टेपचा, वेगळा. तोंडातून जे निघालं ते मला ठरवावंच लागलं नाही. "लक्ष द्या. गॅसगळती झाली आहे. हातातले काम सोडा."

खिडकीतून समोरचं मचाण दिसत होतं. त्यावर वीसेक माणसं होती. गॅस अजून त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. एकाने मान वर केली, हसला आणि माझ्याबरोबर ओठ हलवायला लागला. शेजारचा पाना फिरवत राहिला. मी पुन्हा बोलले, शब्दन् शब्द तोच, कारण दुसरे शब्द माझ्याकडे नव्हतेच. कुणीही हललं नाही. पलीकडे जमिनीलगत पांढरं धुकं सरकताना मला दिसत होतं, आणि त्याच वेळी मागच्या गेटकडून ती जड आवाजाची बाई सांगत होती, पळू नका, घाबरू नका.

मग मी माइक तोंडाला लावला आणि वावरातून मला हाका मारणारी माझी आई जशी ओरडायची तशी ओरडले. "आरं ए! उतरा खाली! खरंच ग्यास हाय! टेप न्हाय ही, मी बोलतीया! पळा की रं, मरशीला तितं!"

पाना फिरवणाऱ्याचा हात थांबला. मग मचाण हादरलं. माणसं शिडीवरून उतरली नाहीत, घसरली. हेल्मेट पडत होती, कुणी अनवाणी धावत होतं. मीही यादी छातीशी धरून पुढच्या गेटवर धावले. माणसं मोजायचं काम माझं होतं.

प्रत्येकाला हात लावून मी मोजलं. यादीपेक्षा एक माणूस कमी भरला. पुन्हा मोजलं. मामा नव्हते.

"गेले असतील मागच्या गेटने. तो वॉचमन, ते नवीन लोक, सगळे तिकडूनच पळाले ना," कंत्राटदार म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता, तरी जीभ चालूच. मला ते पटावं असं फार वाटत होतं. सगळे गप्प झाले होते, मशीनं बंद, भोंगाही थांबलेला. एवढी मोठी कंपनी इतकी चिडीचूप मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या रिकाम्या प्लांटच्या पार पलीकडून, मागच्या गेटवरून, ती अजून बोलत होती. वॉचमन टेप तशीच चालू टाकून पळाला होता, आणि कॅसेटवर सगळं पुन्हा पुन्हा भरलेलं होतं. "कामगार बंधूंनो," ती म्हणत होती. कुणीही नसताना, अगदी सावकाश.

मागच्या गेटला लागून कंत्राटदाराची पत्र्याची शेड होती. दोर, साखळ्या, कप्प्या ठेवायची. मामा जेवून तिथेच पाठ टेकायचे. प्लांटकडून माझी हाक आणि गेटकडून तिची सारखीच मोठ्यानं ऐकू येईल, अशी ती एकच जागा. हे डोक्यात आलं मात्र, "शेडमध्ये बघा!" मी फायरच्या लोकांना ओरडून सांगितलं. मुखवटे चढवून दोघे गेले. त्यांनी त्यांना उचलून आणलं तेव्हा मामांच्या तोंडाला ओलं उपरणं घट्ट बांधलेलं होतं. डोळे मिटलेले, सुजून लाल झालेले. श्वास चालू होता.

दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं. टेपही. साहेब म्हणाले, एवढा शटडाउन निघू दे, मग बिना भोंग्याची नवीन करू. मी हो म्हटलं. त्या 'हो'ची लाज मला आजही वाटते.

आठव्या दिवशी दवाखान्यात जायचं धाडस केलं. मामांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, एका डोळ्याचं सांगता येत नाही. खाटेजवळ उभी राहून मी म्हटलं, "मामा, कसं वाटतंय?"

चादरीवरची बोटं हलत होती, ती थांबली.

"मामा, मी कंपनीतली. भेटायला आलेय."

त्यांनी श्वास रोखून धरला होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मला उलट्या पावली परत जावंसं वाटलं. मग कळलं ते कशाची वाट बघताहेत. मी वाकले. "मामा, मी हाय वो."

"ओ," मामा म्हणाले आणि हात पुढे केला. मी हात दिला. त्यांनी माझी बोटं चाचपली, बांगड्या चाचपल्या. "हात ऊन हाय," म्हणाले.

मी रडत होते. शेडमधून बाहेर का नाही पडलात, असं विचारलं.

"कसा पडू? दोघी एकदम बोलायला लागल्या. हिकडनं एक म्हनती पळू नगा. तिकडनं एक वरडती पळा, पळा. आवाज एकच. एक बाई दोन ठिकानी कशी बोलंल? म्हनलं, ह्यातली एक मानूस न्हाय. कुठली, ते कळंना. बसून ऱ्हायलो. डोळं गेलं तवा तिनं सांगितल्यालं आठवलं, वलं फडकं. ते बांधलं म्हून वाचलो."

हात त्यांनी सोडला नव्हता. मान माझ्याकडे वळवून, शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, "दुसरी आजून तितंच हाय का?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "हाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट मागच्या गेटवर गेले. वर्ग चालू होता. भोंगा होऊन गेला होता. "हातातले काम सोडा," इथवर ती आली आणि मी बटण दाबून कॅसेट काढून घेतली. कर्णा बंद पडला. बाकांवर चाळीस माणसं चहा पीत बाहेर बघत बसली होती. त्यांना कळलंच नाही. ओठ हलत राहिले. पळू नका. घाबरू नका. शेवटपर्यंत.

मग एकेकाची नजर माझ्याकडे वळली. कॅसेट पर्समध्ये टाकून मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला लागले, गावाकडं बोलतात तसं. आवाज कापत होता. तो कापू दिला.