अण्णांना ऐकू येणारे आवाज

हे मी कल्पनाला, माझ्या बायकोला, सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अण्णांना ओळखत नाही — आणि मलाही नाही.

सई, माझी मुलगी, नववीत. शाळेचा प्रकल्प होता: स्वतःचा प्रश्न शोधा, स्वतःच उत्तर काढा. तिचा पहिला प्रश्न, माणसाला ऐकू कसं येतं? बाई म्हणाल्या, हे पुस्तकातच आहे. दुसरा, म्हातारपणी ऐकू कमी का येतं? तोही परत आला, फार मोठा म्हणून. मग मी बसलो तिच्यासोबत. मला असल्या गोष्टींची भारी हौस! म्हटलं, प्रश्न एवढा लहान कर की आपल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मावेल. कोणाला ऐकू येतं? कुठले आवाज? आणि उत्तर आधीच माहीत असेल तर तो प्रश्नच नाही. घासून घासून ठरलं — आमच्या आजोबांना घरातले कोणते आवाज ऐकू येतात, कोणते येत नाहीत? बाई खूश. मीही.

अण्णा माझे वडील. मनमाडला रेल्वेत नोकरी झाली, तिथेच कान गेले असं आम्ही धरून चाललो होतो. बेल वाजली तरी ढिम्म. कल्पनाने हाक मारली तरी ढिम्म. मी तर हाक मारणंच सोडलं होतं, खुणेने भागायचं. आणि त्यांच्यादेखत काहीही बोलायची सवय लागली — मला. दर रविवारी ताईशी फोनवर, ते शेजारी पेपर वाचत असताना. काय बोलायचो? लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. अण्णा गेले की ती खोली सईला होईल. आता सुटले तर बरं, त्यांच्यासाठीही. 'त्यांच्यासाठीही' — हे आपलं उगाच जोडायला.

प्रयोगाला अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले. ऐकू आलं की हात वर करायचा, सईने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. मोबाईलची रिंग — नाही. कुकरची शिट्टी — नाही. कल्पना दारातून "चहा" म्हणाली आणि आत गेली — नाही. मग माझी पाळी. मागच्या सोफ्यावरून, फोनवर बोलतो त्याच आवाजात म्हणालो, "द्राक्षं."

हात वर गेला.

"द्राक्षं," अण्णा म्हणाले.

सई नाचायलाच लागली — बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात, असं तिने वाचलं होतं ना! मला मात्र रविवारचे फोन आठवले. म्हणजे सगळं? प्रत्येक रविवारी? पेपर समोर धरून?

सई म्हणाली, योगायोग असेल, अजून दोनदा घेऊ. ती समोर उभी, नजर अण्णांच्या हातावर. मी नुसते ओठ हलवले. हो, आवाज काढलाच नाही. पोरीचा प्रयोग मी मुद्दाम बिघडवला, का तर घरात कोणाला कळू नये.

"बाबा, बोललास का?"

"बोललो," मी म्हणालो.

सई खाली मान घालून लिहीत होती. अण्णांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर चाललं असतं. पण ते असे बघत होते, जसं माझं काहीतरी हरवलंय आणि ते शोधून द्यायला हवं. मग परत खिडकीकडे वळले.

मला राहवलं नाही. तिसऱ्या वेळी मोठ्याने म्हणालो, "अण्णा." किती वर्षांनी मारली असेल मी ही हाक?

त्यांची बोटं मांडीवर घट्ट मिटली. हात वर गेला नाही.

मी पुन्हा हाक मारली. तरीही नाही.

सईने थोडा वेळ वाट पाहिली आणि बाबांच्या आवाजापुढे 'नाही' असं लिहिलं. ते मी तसंच राहू दिलं.