जमादारांची भोकाची फळी

आमच्या थोरल्या दिरांच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा. फौजेतल्या हुद्द्यावरून गाव त्यांना जमादार म्हणे, मी भावजी. लढाईतून पाय अधू करून घेतला आणि राग मात्र शाबूत घेऊन आले, म्हणून सासूबाई कपाळाला हात लावत.

अधू पायाने नांगर धरता येईना आणि भावाच्या जिवावर खाणं मानवेना. म्हणून त्यांनी छर्ऱ्याची बंदूक पैदा केली आणि सातारा-सांगलीकडच्या जत्रांत नेमबाजीचा गाळा मांडू लागले. दोरीला पणत्या टांगायच्या, लोकांनी फोडायच्या. बाकीचे गाळेवाले बंदुकीची स्प्रिंग मुद्दाम ढिली ठेवत, म्हणजे छर्रा वाटेतच मान टाकी. भावजी त्यांना भर जत्रेत शिव्या घालत. नळीत तेल सोडणाऱ्यांनाही घालत. हवा दाबली की ते तेल पेटतं आणि छर्रा भलत्याच जोराने सुटतो. "त्यो जोर तेलाचा, बंदुकीचा न्हवं," ते म्हणत. "खोटा जोर आपल्याला नगं."

चळवळीचे दिवस होते. सरकार सावलीलाही भीत होतं. हुकूम आला, असेल ती बंदूक ठाण्यात आणून दाखवा. छर्ऱ्याच्या बंदुकीची परीक्षा फळीवर व्हायची. इंचभर जाडीची देवदाराची फळी समोर उभी करून जवळून छर्रा मारायचा. रुतून बसला तर बंदूक घरी न्या. आरपार गेला तर ते हत्यार, जप्त. परवाना त्या दिवसांत कोण देतंय!

भावजी आणि आमचे हे, दोघा भावांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून भाकरी बांधून मीही निघाले. वाटेत बजावलं, "आवं भावजी, तिथं त्वांड उघडू नगासा."

"न्हाई उघडत, बाई."

शिपायाने बार काढला. छर्रा फळीत रुतला. मी सुटकेचा निःश्वास टाकते तोच फौजदार हसला. "न्या हे पोरांचं खेळणं. म्हणे जमादार!"

भावजींचं तोंड लालबुंद झालं. "खेळनं? द्या हिकडं."

त्यांनी बंदूक हिसकावली, बंडीच्या खिशातली, बंदूक पुसायच्या तेलाची बाटली काढली आणि नळीत थेंब सोडले. "भावजी, नगा!" मी ओरडले. तोवर दणका झाला, धूर निघाला, आणि फळीला आरपार भोक पडलं.

"आता म्हना खेळनं!"

"आता नाही म्हणत," फौजदार म्हणाला आणि बंदूक कपाटात गेली.

लढाईत पाय घालवलेल्या माणसाची थट्टा करताना त्या मेल्याची जीभ झडली नाही, याचा मला आजही संताप येतो. पण भावजींचा त्याहून जास्त येतो. जन्मभर ज्याला खोटं म्हणाले, तेच तेल नको तिथे ओतलं. वर ती फळी बगलेत मारून घरी आणली. "सरकारनंच बघितलंय, आरपार गेला," म्हणे!

मग जत्रा संपल्या. भावजी ओसरीवर बसून लोकांचे दोर वळत. जेवताना कधी दुसरी भाकरी मागितली नाही. मी वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरत आणि दुसरीकडे बघत. मला इतका राग यायचा की भाकरी तव्यावरच करपायची.

ते गेले तेव्हा फळी उशाशी होती. चुलीत घालायची म्हणून मी उचलली. भोकात बोट घालून पाहिलं, करंगळीसुद्धा पुरती जाईना. एवढ्याशा भोकापायी माणसाने स्वतःची भाकरी घालवावी?