ताजमहालावरचा पोपट

चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या, की मी सरळ उठून चहा टाकायला जाते... तरीही हे लिहितेय, कारण हे घडलं तेव्हा मी हातभर अंतरावर होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरला शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या. मी अकरा वर्षांची, धाकटी नीला सहाची. ती टायफॉइडमधून उठली होती, पण अन्नाला शिवत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं — उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर अ‍ॅडमिट करावं लागेल. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्या दिवशी सकाळी तिच्यासाठी जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून चित्रकोड्यांचं पुस्तक आणलं. एका मुलाचा पोपट उडून जगभर हिंडतो — पिरॅमिड, आयफेल टॉवर, चीनची भिंत... प्रत्येक चित्रात तो लपलेला, आपण शोधायचा. सात पानांवरचे सात हिरवे पोपट नीलानं पटापट शोधले. शेवटचं पान ताजमहालाचं. तिथे काही केल्या सापडेना! उत्तरांचं पान कुणीतरी आधीच फाडलेलं. अण्णांनी चष्मा पुसपुसून पाहिलं, मी पाहिलं. शेवटी बाईसाहेबांनी जाहीर केलं, "पोपट सापडल्याबिगर मी जेवणार न्हाय."

कोपऱ्यात शिवलिंगमामा बसले होते. आईचे थोरले भाऊ, आमच्याकडेच राहायचे. चादरीवरची नक्षी मागावर चढवायला भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात. मामा गिरणीत ती भोकं पाडायचे आणि पुठ्ठे बोटांनी चाचपून तपासायचे. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, काम सुटलं. तेव्हापासून ते गप्पच असायचे.

"आण हिकडं ते," मामा म्हणाले.

"दादा, चित्र हाय ते," आई हळूच म्हणाली.

"आण तर."

मी पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडून ठेवलं. ते वरच्या कोपऱ्यापासून, पुठ्ठा तपासावा तसे, एकेक ओळ बोट फिरवत खाली आले. घुमटावर बोट थांबलं.

"हितं हाय बघ. हिरवा कशाला हुडकताय? पांढरा हाय की!"

नीलानं पान डोळ्यांजवळ नेलं आणि किंचाळलीच. पांढऱ्या घुमटावर पांढरा पोपट — चोचीची बारीक रेघ तेवढी करडी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगते, आनंदही तेवढाच झाला.

त्या पानावरून पुढे मी कितीदा बोट फिरवलंय! कागद गुळगुळीत आहे. बरं, रंग बोटाला कळेलच कसा? योगायोग म्हणावं, तर बोट नेमकं पोपटावरच कसं टेकलं? मामांनाही विचारलं होतं. "मला काय म्हाईत? बोट थांबलं," एवढंच म्हणाले.

आई त्या दुपारी काही विचारत बसली नाही. मऊ भातावर तुपाची धार सोडून ताट घेऊन आली. नीला जेवली. जेवण झाल्यावर मामांनी तिचं ताट ओढून घेतलं आणि काठापासून काठापर्यंत चाचपलं. एक शीत बोटाला लागलं नाही.

"समदं खाल्लं की गं नीलव्वा!" म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले.