पार्लरसमोरची मुंडी

धोंडीबाई रागावली की बोलत नाही, सुरी घासते. खोडाळ्याच्या बाजारात बोकडाच्या मुंड्या भाजून, खरवडून, फोडून देण्यात तिची तीस वर्षं गेली. बोकडाचा चेहरा तिला नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा ओळखीचा. नवऱ्याचा तिने आतून कधी पाहिला नव्हता, एवढाच फरक.

यंदा सुरी फारच झिजली. कारण तिची लेक योगिता. लग्न ठरलं आणि पोरीला फोटोत आपलं नाक बसकं दिसू लागलं. ती जव्हारला सुनिता मॅडमच्या पार्लरात गेली. मॅडमने ठाण्याला दोन दिवसांचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट देवाच्या फोटोहून वर टांगलं होतं. मॅडमने नाक उंच दिसावं म्हणून त्यात फुगवणारं जेल टोचलं. शेंडा पांढराफटक पडला, योगिता कळवळली.

"होतं असं. बर्फ लाव," मॅडम म्हणाली.

बर्फ लावता लावता शेंडा जांभळा झाला. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या डॉक्टरांनी आधी धोंडीबाईलाच झापलं. "जेल रक्ताच्या शिरेत गेलंय. पुढचं रक्त अडलं, कातडी मेली. पांढरं पडलं त्याच घटकेला जेल विरघळवणारं औषध टोचलं असतं, तर बहुतेक वाचलं असतं. आणि नाकाच्या शिरा डोळ्याच्या शिरांना मिळतात. दिसायचं बंद झालं नाही, नशीब समजा."

"मिळतात, ते मला म्हाईत हाय," धोंडीबाई म्हणाली. "बोकडाच्याबी मिळतात."

योगिताच्या शेंड्यावर खड्डा राहिला. नवरामुलगा भला निघाला. म्हणाला, श्वास घेता येतो ना, मग पुरे. पण धोंडीबाईला पुरे नव्हतं. तिने पोलिसांत तक्रार दिली होती. तक्रारीची चौकशी चालू होती आणि मॅडमची सुईही चालू होती. लग्नसराई तोंडावर, पोरी रांगेत.

मग एका बाजाराच्या दिवशी धोंडीबाई जव्हारला गेली आणि पार्लरच्या बरोबर समोर पाट मांडून बसली. पाटावर बोकडाची मुंडी, हातात गुरांना टोचायची सुई, वाटीत लाल रंगाचं पाणी. पार्लरात शिरणाऱ्या दोघींना तिने थांबवलं. "बघा पोरींनो, नाकात घातलं की कुठं जातं ते."

तिने सुई दाबली. शीर काही फुगली नाही. सगळं पाणी उलटं तिच्याच लुगड्यावर. पोरी फिदीफिदी हसल्या, आणि दारात उभी सुनिता मॅडम सगळ्यांत जास्त हसली.

चूक धोंडीबाईची. सवयीने तिने मुंडी घरूनच भाजून आणली होती. भाजल्यावर शिरा आखडतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या हसण्याने मात्र तिचं डोकं जास्तच भडकलं.

पुढच्या बाजाराला ती कच्ची, सोललेली मुंडी घेऊन आली. नाकाच्या बाजूची निळसर शीर सुरीच्या टोकाने मोकळी केली, सुई घातली, हळूच दाबलं. लाल रेघ नाकावरून सरसर वर चढली आणि थेट डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन टपोरी झाली. बोकड डोळे उघडे टाकून पोरींकडे बघत होता.

"आता आत जाता? जा," धोंडीबाई प्रेमाने म्हणाली.

कुणी गेलं नाही.

चार बाजार हेच. चौथ्याला मॅडम खाली उतरली. "मावशी, बस झालं. माझं गिऱ्हाईक पळतंय."

"एक सांग, उठते. जेल विरघळवायचं औषध हाय तुझ्याकडं?"

मॅडमने ओढणी सारखी केली. "ते... मागवावं लागतं."

"सुई आधी मागवलीस, उतारा अजून नाय," धोंडीबाई भोवतीच्या बायकांकडे बघत म्हणाली. तिने नव्या मुंडीवर सुई टेकवली.

आठवड्याभरात पार्लरची पाटी उतरली. खोडाळ्याला परतल्यावर योगिताने आईच्या हातातून सुई काढून घेतली. "आये, झालं ना आता? माझा राग गेला."

"तुझा गेला असंल."

तेवढ्यात मुंडी घ्यायला आलेल्या काळ्या नावाच्या गिऱ्हाइकाने बातमी दिली, की मॅडमने विक्रमगडला नवी खोली भाड्याने घेतलीय. धोंडीबाईने त्याची मुंडी नीट फोडून, भेजा अख्खा काढून पानात बांधून दिला. मग सुरी पुसत विचारलं, "विक्रमगडचा बाजार कंच्या वारी असतो रे?"